गॅसचं उलटं बटन

पांढुर्णा,
गुरुवार, दुपार

प्रिय शकुंतला,

सप्रेम जयभीम. जमली! अवो, जमली एकदाची! आज सकाळी सव्वासातला, आपल्याच घरी, आपल्याच गॅसवर, त्या काळा डाग पडलेल्या जर्मनच्या कढईत तुझ्या नवऱ्यानं अंड्याची भुर्जी केली आणि ती करपली नाही. पुन्हा लिहितो, करपली नाही. पिवळीधम्मक, मऊ, वरून सांबार, म्हणजे पुस्तकातली कोथिंबीर, चिरून टाकलेला. आपली माय, जी तुझ्याशिवाय कोणाच्याही हातचं खाताना आधी वास घेऊन पाहते, तिनं पलेट पुसून खाल्ली आणि म्हणाली, "अजून हाय का रे दादा?" मी भुर्जी हलवायचा सराटा हातात धरून तिथंच नाचलो. हसू नको. पन्नाशी उलटलेला माणूस नाचला तर नाचला. माय म्हणे, याले काय झालं बाप्पा, भुर्जी केली का लॉटरी लागली.

आता तू म्हणशील, एवढ्यासाठी चिठ्ठी कायले? तर ऐक. तुमच्या हॉस्टेलात फोन देतात रविवारी, तोही अर्धा तास, आणि मला तेवढा धीर नाही. शिवाय या रविवारी तू जे बोललीस ते माझ्या डोक्यातून जाऊन नाही राहिलं. बारा वर्षं आशाताई म्हणून गल्लोगल्ली फिरलीस, कोणाची बाळंतपणं, कोणाच्या लसी, तेव्हा कुठं या नर्सच्या ट्रेनिंगला तुझं नाव लागलं. आणि पाच आठवड्यांत तू म्हणतेस, पहिल्या परीक्षेत चार मार्कांनी नापास झाली, हाडांची नावं डोक्यात राहत नाहीत, सोबतच्या पोट्ट्या काकू काकू करतात, घरी तुमचे दोघांचे हाल चालले. सोमवारी तो पुढं राहायचं की नाही याचा कागद येईल, त्यावर 'नाही' लिहून सही करते आणि बॅग घेऊन निघते. आणि शेवटी अगदी हळू आवाजात म्हणालीस, "तवाही मले घेतलं नव्हतं त्याइनं. मी त्या लायकीचीच नाही." एवढं बोलून फोन ठेवलास. मी मात्र फोन कानाला लावून तसाच उभा. माय विचारून राहिली होती, काय म्हणते सून? मी म्हटलं, मजेत आहे.

तर ही चिठ्ठी सोमवारच्या आत तुझ्या हातात पडली पाहिजे. उद्या पहाटेच्या छिंदवाडा गाडीवर वामन कंडक्टर आहे, त्याच्याजवळ देतो. त्याला बजावून ठेवलं आहे की हॉस्टेलच्या फाटकावर जाऊन तुझ्याच हातात द्यायची, चौकीदाराच्या हातात नाही. शकुन, तू येऊ नको. खरं म्हणजे एवढंच सांगायचं आहे. पण ते नीट सांगायचं तर मला भुर्जीपासूनच सुरू करावं लागते, त्याला इलाज नाही. आणि माझी भाषा पाहून हसू नको. कागदावर हात ठेवला की आपल्या मराठी शाळेतल्या मास्तरांची भाषा येते, आणि खुशी झाली की घरची येते. आज दोन्ही येऊन राहिल्या.

तू गेलीस त्या दिवशी मी कसा वागलो ते मला आठवते. तोंड फुगवून खाटेवर बसलो, स्टँडवर सोडायलाही आलो नाही. "आम्ही दोघं उपाशी मेलो त दोष कोनाचा?" असं म्हणालो. तू उंबरठ्यावर थांबलीस, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि गेलीस. पहिले दहा दिवस शेजारच्या पूनमच्या घरून भाजी आली. मग तिच्या घरी पाहुणे आले, आणि मलाही लाज वाटायला लागली. मग स्टँडवरचे पोहे. सकाळी पोहे, दुपारी पोहे, संध्याकाळी माय म्हणाली, "दादा, आज पोहे आणले त मी तिगावले जातो तुह्या भावाकडं." तिचे चार दात उरले आहेत, त्या चार दातांनी ती पोह्यातले शेंगदाणे वेचून काढायची आणि ओळीनं ताटाच्या काठावर मांडून ठेवायची, मला दिसावेत म्हणून. तेव्हा मी विचार केला, आता काहीतरी केल्याशिवाय भागत नाही. कुकरमध्ये भात लावायला आपल्या पोरीनं, पूजानं, नागपूरवरून फोनवर शिकवलं, तो जमला. पण मायला चावायला न लागणारं आणि जिभेला बरं वाटणारं काय, तर तुझी भुर्जी. गुणवंताच्या दुकानातून अंड्यांचा अख्खा ट्रे घेऊन आलो. तो म्हणे, काय गा, कोंबड्या मेल्या का गावातल्या?

पहिली करपली. दुसरी करपली. तिसरीत मीठ दोनदा पडलं, आणि तीही करपलीच. पाचवी तर अशी झाली की मी कढई उलटी केली तरी ती खाली पडली नाही. माय पाण्याच्या घोटासोबत गिळायची, आणि मी पाठ केली की उरलेलं मागच्या दारी कुत्र्याला टाकायची. शकुन, त्या कुत्र्यानंही तिसऱ्या दिवशी येणं बंद केलं. खरं सांगतो. पूजा फोनवर म्हणे, बाबा, आच कमी ठेवा, आच. अरे, कमीच तर ठेवून राहिलो! मी काय मूर्ख आहे? सव्वीस वर्षं या गावाला पाणी सोडतो मी. या मोहल्ल्याला किती, त्या मोहल्ल्याला किती, सगळं या मनगटात आहे. चावी जितकी कमी फिरवली तितकं पाणी कमी, जितकी जास्त तितकं जास्त. दोन आटे फिरवले तर नळाला धार, चौदा फिरवले तर घागर दोन मिनिटांत भरते. मला कोणी कमी-जास्त शिकवायचं म्हणजे हद्दच झाली. म्हणून मी गॅसचं बटन अगदी थोडंसंच फिरवत होतो, पेटेल इतपतच. आणि तरी तो लेकाचा भडभड भडकायचा. मग मी म्हणायचो, आपला गॅसच जुना झाला, एकोणीस वर्षं झाली त्याला येऊन, त्याच्यात काही अडकलं असेल. सुई घालून भोकं साफ केली. नळी बदलली. काही फरक नाही.

आता एक तुला कधी न सांगितलेली गोष्ट सांगतो. मी पहाटे वॉल्व्ह उघडून घरी यायचो, मोरीत हातपाय धुवायचो, आणि भिंतीच्या पलीकडं तू भुर्जी करायचीस. इतकी वर्षं मी ती भुर्जी कानानंच ऐकली आहे. आधी कांदा पडायचा, तो छुर्र करायचा. मग सराट्याचा आवाज, खट-खट-खट. मग टमाटर पडले की आवाज जड व्हायचा. मग चार वेळा टक, टक, टक, टक, कढईच्या काठावर अंडी फुटायची. आणि त्याच्यानंतर एकदम चूप. काहीच आवाज नाही. मी तोंडाला साबण लावून ऐकत राहायचो, आत काय चाललं आहे? बाई झोपली का उभ्या उभ्या? आणि मग पुष्कळ वेळानं सराटा चालायचा, पण हळू, जसं कोणी झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करते तसा. मी कधी उठून पाहिलं नाही. दोन पावलांवर स्वयंपाकघर होतं. या पाच आठवड्यांत मी तोच आवाज काढायचा प्रयत्न करून राहिलो होतो. छुर्र जमत होतं, खट-खट जमत होतं, टक-टक जमत होतं. ती चुप्पी काही जमत नव्हती. माझी अंडी पडल्याबरोबर बोंबलायची.

मंगळवारी संध्याकाळी मी वैतागलो. रविवारचं तुझं बोलणं डोक्यात होतंच. म्हटलं, आज या बटनाचा निकालच लावतो. कोणत्याही नव्या वॉल्व्हचं आम्ही काय करतो, आधी त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहतो, किती आटे आहेत, कुठं अडते. एकोणीस वर्षांत मी या बटनाला तसं कधी फिरवून पाहिलं नव्हतं, कारण ते काम तुझं होतं. कढई खाली उतरवली, मायला म्हटलं, तू बाहेर बस, आता लय मोठा जाळ होणार आहे. ती काठी टेकत अंगणात गेली. मी गॅस पेटवला, नेहमीसारखं थोडं फिरवलं, तो भडकला. मग तोंड मागं घेतलं, हात लांब केला आणि बटन पूर्ण फिरवलं, अगदी शेवटपर्यंत.

आणि जाळ खाली बसला!

अवो, खाली बसला! एवढा एवढासा, निळा, मुंगीएवढा. मी परत मागं आणलं, भडकला. परत पुढं नेलं, बसला. पाच वेळा केलं. म्हणजे थोडं फिरवलं की जास्त आणि पूर्ण फिरवलं की कमी! जगातल्या साऱ्या चाव्या एका बाजूला आणि हे बटन दुसऱ्या बाजूला! मी इतक्या जोरानं ओरडलो की माय बाहेरून म्हणाली, "जळला का रे?" मी म्हटलं, माय, उलटं आहे, उलटं! हे उलटं आहे! ती आत आली, तिनं पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "हे त मलेबी मालूम हाय. सून रोज करते ना." जिनं कधी गॅसला हात लावला नाही, ती! मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही एवढे दिवस? तर म्हणे, "तू चावीवाला हाय, तुले कोन शिकवन?"

तेव्हा मला ती चुप्पी समजली. अंडी फोडून तू बटन पूर्ण फिरवायचीस, जाळ खाली बसायचा, आणि तू काही न करता उभी राहायचीस. ते थांबणं हीच भुर्जी आहे, बाकी सगळा नुसता कांदा. मी कढईसमोर खाली बसलो, शकुन, आणि मला हसूही आलं आणि डोळ्यात पाणीही आलं. हसू कशाचं ते तुला समजलं असेल. पाणी दुसऱ्या गोष्टीचं होतं. त्या बटनानं मला एकोणीस वर्षं मागं नेऊन उभं केलं. ते शेवटी लिहितो.

मंगळवारी भुर्जी केली नाही. बुधवारी ड्यूटी उरकून सौंसरला एका कामाला जाऊन आलो, तेही शेवटी सांगतो. आणि आज सकाळी केली. तू असतीस तर मला ढकलून बाजूला केलं असतंस, इतका मी हळू करत होतो. दोन कांदे बारीक चिरले, म्हणजे माझ्या हिशेबानं बारीक. तीन हिरव्या मिरच्या, मायसाठी बिया काढून. तेल तापलं, कांदा टाकला, छुर्र. कांदा गुलाबी झाला तशी हळद, थोडं तिखट, मग टमाटर. टमाटर पार गळेपर्यंत सराटा चालवला. मग चार अंडी फोडली. तिसऱ्याचं टरफल आत पडलं, ते बोटानं काढलं, बोट पोळलं, मी हूं का चूं केलं नाही. आणि मग बटन धरलं आणि शेवटपर्यंत फिरवलं. जाळ खाली बसला. आणि शकुन, घरात सगळं चूप झालं. माय दारात उभी होती. बाहेर संत्र्याची गाडी रिव्हर्स घेऊन राहिली होती, तेवढाच काय तो आवाज. मी मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं. कडा पांढऱ्या व्हायला लागल्या, मधलं हलायला लागलं. मग सराटा घातला, हळू, खालून वर. पिवळे पिवळे, मऊ गोळे सुटायला लागले. कढईला काही लागलं नाही. मीठ टाकलं, एकदाच. सांबार टाकला. बंद. मोरीत उभं राहून जो वास मी इतकी वर्षं घेतला, तोच. अगदी तोच.

पूजाला व्हिडिओ पाठवला. ती म्हणे, बाबा, हे हॉटेलातून आणलं ना? मी म्हटलं, ये आणि पाह्य. पोळ्या मात्र अजून येत नाहीत, खोटं कशाला बोलू. माय बसल्या बसल्या दोन भाकरी थापते, त्या मी भाजतो, भात मी लावतो, वरण येते, भुर्जी येते. पोळ्यांचं पुढच्या महिन्यात पाहू. माझं वजन म्हणशील तर पट्टा एक भोक आत गेला आहे, पण तो पोह्यांच्या दिवसांत गेला, आता परत येईल. मायची साखर मोजायला आणि गोळ्या पाहायला तुझ्याच जागेवरची नवी आशाताई येते, वैशाली, चांगली पोरगी आहे. तुझं नाव घेते. म्हणे, शकुंतलाताई नर्स होऊन आल्या की मी त्यांच्याच हाताखाली काम करीन. मी म्हटलं, का नाही. तर घरचे हाल चालले म्हणून यायचं असेल, तर ते कारण आज सव्वासातला संपलं. त्याची साक्षीदार माय.

आणि चार मार्कांचं काय घेऊन बसलीस? मी आठ वेळा नापास झालो, आणि तेही कुत्र्यासमोर. तुला हाडांची नावं येत नाहीत म्हणतेस. त्या पोट्ट्यांना पाठ असतील. पण वाघमाऱ्यांच्या सुनेचं बाळ आडवं होतं तेव्हा तू पोटावर हात ठेवून सांगितलं होतंस ना, गाडी बोलवा, आत्ताच्या आत्ता? त्या पोरगीला आता शाळेत घातलं आहे. मी परवा त्यांच्या मोहल्ल्याचं पाणी सोडायला गेलो, तर ती पाटी-दप्तर घेऊन समोरून गेली. एका एका हाडाचं नाव कागदावर लिहून भिंतीला चिकटव, जसं पूजाला पाढे शिकवताना मोरीच्या दारावर चिकटवले होतेस. मीही ते पाढे त्याच दारावर वाचून पाठ केले होते, सतराचा पाढा मला तिथंच आला.

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी ही चिठ्ठी लिहायला बसलो. एकोणीस वर्षांपूर्वी तू नर्सच्या ट्रेनिंगसाठी मुलाखत देऊन आली होतीस. पूजा तीन वर्षांची होती, हा गॅस घरी येऊन पंधरा दिवस झाले होते, माय तेव्हा तिगावला भावाकडं राहायची. तुझ्या भावाच्या, अंकुशच्या, लग्नाच्या तयारीला तू पूजाला घेऊन लोधीखेड्याला माहेरी गेली होतीस. मी चार दिवस एकटा. चौथ्या दिवशी भूक अनावर झाली, म्हणून मी भुर्जी करायला गेलो. बटन थोडंसं फिरवलं, जाळ भडकला, सगळं करपलं, कढई काळी झाली, घरात धूर. तो डाग तोच, शकुन, जो तू इतकी वर्षं राखेनं घासत आलीस आणि मी माहीत नाही म्हणत आलो. त्या धुरात दारावर टकटक झाली. दवाखान्यातल्या गायत्रीबाई, ज्यांनी तुझा फॉर्म भरला होता. म्हणाल्या, शकुंतलाचं नाव लागलं, यादीत तिसरं आहे, परवा हजर व्हायचं आहे, तिला आजच निरोप द्या. मी हातात जळकी कढई धरून उभा होतो. मनात आलं, चार दिवसांत हे हाल, मग दोन वर्षं माझं काय? आणि मी म्हटलं, तिचा विचार बदलला, ती नाही येणार. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. तू आलीस तेव्हा मी तुला म्हटलं, यादी लागली, तुझं नाव नाही. तू मोरीत जाऊन रडलीस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बिचारा चार दिवस उपाशी होता म्हणून मला भुर्जी करून घातलीस. मी ती खाल्ली. दोनदा मागून खाल्ली. गायत्रीबाई महिन्याभरात सौंसरला बदलून गेल्या, तुला वाटलं त्यांनी तोंड फिरवलं, त्यांना वाटलं तू त्यांचं नाव घालवलंस. काल मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला चहा विचारला नाही, बरंच केलं. मग म्हणाल्या, त्या वर्षीच्या साऱ्या पोरींत तीच मला पक्की वाटली होती. रविवारी फोनच्या वेळेला त्या तुला स्वतः फोन करणार आहेत, माझ्यावर विश्वास नसेल तर त्यांच्या तोंडून ऐक. शकुन, तुला कोणी नाकारलं नव्हतं. एकानंच नाकारलं, आणि तो मी. त्या वेळी मला एक भुर्जी करता आली असती तर तू केव्हाच नर्स झाली असतीस. म्हणून आधी भुर्जी शिकलो, मग लिहायला बसलो. रिकाम्या हातानं हे सांगायची माझी हिंमत नव्हती. माफी मागत नाही, ती एवढ्यात द्यायचीही नाही. पण सोमवारी त्या कागदावर 'हो' लिही. आणि माझ्याशी भांडल्याशिवाय राहवत नसेल, तर शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं ये, पोटभर भांड, मोहल्ला गोळा होऊ दे, रविवारी सकाळी माझ्या हातची भुर्जी खा, आणि लगेच छिंदवाड्याची गाडी पकड. या वेळी स्टँडवर सोडायला मी येतो, तुझी पिशवी मी उचलतो.

तुझाच, म्हणजे तू अजून म्हणू देशील तर,
दादाराव